बोटीच्या टाकीत उरलेले पेट्रोल : साठवण आणि तपासणी

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा शहरात बचावकार्याच्या बोटी वर्षाचे बहुतेक महिने उभ्याच असतात. मात्र वेळ येताच त्यांची मोटार तत्काळ सुरू व्हावी लागते. गोव्यातही १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होड्यांच्या मोटारी बंद राहतात. शर्यतीच्या बोटींची स्थितीही दोन स्पर्धांच्या दरम्यान वेगळी नसते. त्यामुळे टाकीत उरलेले इंधन हा सुरक्षिततेचा विषय ठरतो.

इंधन का बिघडते?

पडून राहिलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि चिकट राळ तयार होऊन कार्ब्युरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजतात. देशात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी यांचा वेगळा थर तळाशी जमतो आणि इंधननळी तोच आधी ओढते. टू-स्ट्रोक मोटारीचे वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. तळच्या थरात ते जवळजवळ नसल्याने पिस्टन जाम होण्याचा धोका असतो.

तपासणी

टाकीच्या तळातील थोडे इंधन मोकळ्या हवेत, ज्वाळेपासून दूर, पारदर्शक काचेच्या भांड्यात घ्यावे व तासभर स्थिर ठेवावे. दोन थर, गढूळपणा, गडद रंग किंवा आंबूस वास आढळल्यास ते वापरू नये. वरचा थर वेगळा काढून वापरणेही अयोग्य, कारण इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेन अंक घटलेला असतो. तेल न मिसळलेल्या पेट्रोलची घनता हायड्रोमीटरने मोजून, तापमानानुसार दुरुस्त करून, खरेदीच्या वेळच्या घनतेशी पडताळावी.

साठवण

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना एकूण ३० लिटरपर्यंतच बाळगता येते. धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा, काचेचे १ लिटरपेक्षा मोठे नसावे आणि ते घट्ट बंद असावे. त्यावर खरेदीची तारीख लिहावी, प्रसरणासाठी थोडी जागा सोडावी, ते सावलीत व राहत्या घराबाहेर ठेवावे. वंगणतेल वापराच्या वेळीच मिसळावे.

बिघडलेले इंधन नदीत, खाडीत वा गटारात न ओतता घातक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावे. ही सारी तपासणी पावसाळ्यापूर्वीच उरकणे श्रेयस्कर.