मूळ भाषांच्या उंबरठ्यावर: प्रस्तावना

बायबल मूळ ग्रीक-हिब्रूतून वाचायचे म्हटले की आपल्याकडचा वाचक बिचकतो. हे काम पाद्र्यांचे किंवा प्राध्यापकांचे, अशी त्याची समजूत असते. ही प्रस्तावना त्याच्यासाठीच आहे. ज्ञानेश्वरीतल्या एखाद्या शब्दापाशी अडून ज्याने कधी कोश उघडला, त्याला या अभ्यासाची गोडी आधीच लागलेली आहे. लिपी तेवढी नवी.

या विद्येची मोठी पेठ जर्मनी. योहानेस रॉयशलिनने 1506 साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी हिब्रूचे व्याकरण आणि कोश छापला. पुढे वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिलेल्या मार्टिन ल्यूथरने एरास्मस या विद्वानाने छापलेली ग्रीक संहिता समोर ठेवून नवा करार जर्मनमध्ये आणला. तो सप्टेंबर 1522 मध्ये विटेनबर्गला छापून निघाला. संपूर्ण बायबलला 1534 साल उजाडले. ईयोबाच्या ग्रंथातल्या जेमतेम तीन ओळी पुऱ्या करायला कधी चार दिवस लागत, असे ल्यूथरने स्वतः लिहून ठेवले आहे, आणि तेव्हा मेलांख्थोनसारखा ग्रीकचा प्राध्यापक त्याच्या जोडीला होता. पहिल्याच पानावर अडखळणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी धीर येईल.

पण या क्षेत्राचा खरा कायापालट झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. नव्या कराराची ग्रीक प्लेटोच्या ग्रीकशी जुळत नसे, म्हणून ती पवित्र आत्म्याने घडवलेली निराळीच भाषा असावी, असे काही विद्वान मानत. अशात इजिप्तच्या वाळूतून पपायरसचे कागद ढिगाने निघू लागले: भाडेपट्टे, अर्ज, घरची पत्रे, करपावत्या. आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने ते बारकाईने वाचले आणि दाखवून दिले की ही तर नव्या कराराचीच भाषा आहे, बाजारात आणि घराघरांत बोलली जाणारी. त्याचे ‘लिश्ट फॉम ओस्टन’ (पूर्वेकडून प्रकाश) हे पुस्तक 1908 साली आले.

त्यातला एक पुरावा जवळून पाहण्यासारखा आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, दानधर्माचा डांगोरा पिटणाऱ्यांविषयी येशू म्हणतो की त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे. तिथले मूळ क्रियापद ‘आपेखो’. खापरांच्या तुकड्यांवर लिहिलेल्या पावत्यांत हेच क्रियापद पुन्हा पुन्हा भेटते, आणि आपल्या दस्तांतल्या ‘भरून पावलो’चेच काम करते. रक्कम पोचली, येणे काही उरले नाही. ज्याने चारचौघांत वाहवा घेतली त्याचा हिशेब तिथेच चुकता झाला. देवाकडे मागायला आता त्याच्यापाशी बाकी नाही. नुसते ‘प्रतिफळ मिळाले’ वाचताना हा कठोर निकाल कानाआड जातो. परंपरा मत्तयाला जकातदार मानते, हेही इथे आठवल्यावाचून राहत नाही.

मात्र शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा अर्थ, असे समजून चालू नये. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती. मराठीत रागावलेल्या माणसाला कोणी आसक्त म्हणत नाही. प्रवचनांतून ही चूक सर्रास होते, आणि थोर कोशही तिच्यातून सुटलेले नाहीत. गेरहार्ड किटेलच्या संपादनाखाली 1933 पासून नव्या कराराचा प्रचंड ईश्वरशास्त्रीय शब्दकोश निघू लागला. एका शब्दाच्या सगळ्या छटा एकाच ओळीत कोंबण्याच्या त्याच्या पद्धतीवर जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकाने 1961 साली नेमके बोट ठेवले: अर्थ ठरतो तो वाक्यात. मला बारचे म्हणणे पूर्ण पटते. आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. कोशाचा पहिला खंड निघाला त्याच वर्षी किटेल नाझी पक्षात गेला आणि ज्यूंविरुद्ध लिहू लागला. कोश आजही कामाचा आहे. त्यातली ज्यू धर्माविषयीची विधाने मात्र पारखूनच घ्यावीत.

त्याच जर्मनीत मार्टिन बूबर आणि फ्रांत्स रोझेनत्स्वाइग या दोन ज्यू विचारवंतांनी 1925 मध्ये हिब्रू बायबलचे नवे भाषांतर हाती घेतले. मूळ हिब्रूत एखादा शब्द फिरून आला की जर्मनमध्येही तो कानाला ओळखू यावा, असा त्यांचा आग्रह होता. रोझेनत्स्वाइगचे शरीर लुळे पडले होते, वाचाही गेली होती; 1929 साली तो वारला. बूबरने ते काम 1961 च्या सुमारास जेरुसलेममध्ये तडीस नेले. ज्या वाचकांसाठी ते सुरू झाले, तो जर्मन ज्यू समाज तोवर उद्ध्वस्त झालेला होता.

मराठी वाचकाला ही वाट अगदी परकी नाही. पंडिता रमाबाईंनी उतारवयात ग्रीक-हिब्रू शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर केले. ते 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. संस्कृतात मुरलेल्या या विदुषीला भाषांतराच्या भाषांतरावर समाधान मानवले नाही, याचे मला फार मोल वाटते.

ग्रीक मुळाक्षरे अवघी चोवीस आहेत. एबरहार्ड नेस्टलेने 1898 मध्ये स्टुटगार्टला सुरू केलेली ग्रीक संहिता आज अठ्ठाविसाव्या आवृत्तीत मिळते. ती घ्या, शेजारी मराठी बायबल ठेवा, आणि मार्कच्या शुभवर्तमानापासून आरंभ करा. त्याची ग्रीक साधी, आणि चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान.