खटला कोणापुढे चालणार? श्रीगोंद्याचे शिंदे, झांजिबारचे सुलतान आणि मुंबईचे हायकोर्ट

आजचं व्याख्यान श्रीगोंद्यात आहे, म्हणून सुरुवातही इथूनच करू. नंतर मात्र आपल्याला समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जायचं आहे.

श्रीगोंदा म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, शेख महंमद महाराज आणि शिंद्यांचा वाडा. ग्वाल्हेरला गादी असलेल्या शिंद्यांचं हे दक्षिणेतलं ठाणं. १८०३ च्या ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला वेलस्लीने घेतला, सप्टेंबरात असईची लढाई झाली आणि ३० डिसेंबरला सर्जेअंजनगावचा तह झाला. या तहाने नगरचा किल्ला आणि आसपासचा मुलूख दौलतराव शिंद्यांच्या हातून गेला. पण श्रीगोंदे, जामगाव यांसारखी घराण्याची जुनी गावं त्यांच्याकडेच राहू दिली. आता बघा, सोबत अट काय घातली? या गावांत शिंद्यांनी आपली फौज आणायची नाही. वसूल गोळा करायचा म्हणूनही नाही!

म्हणजे गाव शिंद्यांचं, वसूल शिंद्यांचा, पण शिपाई मात्र आणायचा नाही. पुढे डिसेंबर १८६० च्या करारात शिंद्यांच्या दक्षिणेतल्या मुलखाचा बराचसा भाग अदलाबदलीने इंग्रजांकडे गेला आणि हा अर्धवट कारभार संपत आला. पण त्यामागची युक्ती संपली नाही. राज्याचे तुकडे करता येतात, नाव एकाकडे आणि जोर दुसऱ्याकडे ठेवता येतो, ही ती युक्ती. तिचं सगळ्यात धारदार हत्यार फौज नव्हतं, न्यायालय होतं. हे कसं, ते बघायला झांजिबार चांगलं. कारण झांजिबारची अपिलं कित्येक वर्षं आपल्या मुंबईच्या हायकोर्टात येत होती.

झांजिबार हे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं बेट, मुंबईपासून समुद्रमार्गे सुमारे साडेचार हजार किलोमीटर. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर आपल्याकडची गलबतं तिकडे जात आणि पावसाळ्याआधीच्या नैर्ऋत्य वाऱ्यावर परत येत. ओमानचे सुलतान सय्यद सैद यांनी १८४० च्या सुमारास आपली राजधानीच तिथे हलवली. लवंग, हस्तिदंत आणि माणसं, हा तिथला व्यापार. हो, माणसं, म्हणजे गुलाम. या व्यापाराला पैसा पुरवणारे बरेचसे हिंदी होते, त्यातही कच्छचे भाटिया, खोजे, बोहरा. बंदराच्या जकातीचा ठेका बराच काळ जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता.

इंग्रजांनी सुलतानांशी १८३९ मध्ये व्यापारी तह केला. त्यातलं न्यायाचं कलम वाचलं तर साधं वाटतं. इंग्रज प्रजाजनांचे आपसांतले तंटे इंग्रज वकील, म्हणजे कॉन्सल, सोडवणार. तंटा इंग्रज प्रजा आणि सुलतानाची प्रजा यांच्यात असेल, तर ज्याच्यावर फिर्याद त्याच्या बाजूचा अधिकारी निवाडा करणार. थोडक्यात, प्रतिवादी ज्याचा, न्याय त्याचा. आपण कोणत्या गावात राहतो यापेक्षा आपण कोणाचे, यावर न्यायालय ठरू लागलं. अशी व्यवस्था तुर्कस्तानात होती, चीनमध्येही होती. यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटने १८४३ मध्ये परराष्ट्र अधिकारक्षेत्राचा कायदाही केला.

मग प्रश्न आला, 'इंग्रज प्रजा' कोण? मुंबईचा व्यापारी असेल तर उत्तर सोपं. पण कच्छचा? कच्छ हे महारावांचं संस्थान. तिथला माणूस इंग्रजांची प्रजा नव्हे, महारावांची प्रजा. महाराव मात्र इंग्रजांच्या संरक्षणाखाली. १८५८ ते १८६१ या काळात झांजिबारला कॉन्सल असलेला रिग्बी हा मुंबई फौजेचा अधिकारी. त्याने बहुतेक हिंदी व्यापाऱ्यांना आपल्या अखत्यारात धरलं आणि त्यांच्याकडचे हजारो गुलाम मोकळे करायला लावले. व्यापाऱ्यांनी तक्रार केली की आम्ही सुलतानांच्या मुलखात राहतो, तुमच्या कायद्याशी आमचा काय संबंध? हा वाद बरीच वर्षं चालला. अखेर १८६९ मध्ये कच्छच्या महारावांनी स्वतःच जाहीरनामा काढून झांजिबारमधल्या आपल्या प्रजेला इंग्रज अधिकाराखाली दिलं. बघा, एका संरक्षित राजाच्या कागदाने दुसऱ्या राजाच्या शहरातली शेकडो माणसं तिसऱ्याच्या न्यायालयाकडे गेली.

इथे आपल्याला थोडं थांबायला हवं. रिग्बीने ज्यांना सोडवलं त्यांच्यासाठी ते इंग्रज न्यायालय वरदानच होतं. हे नाकारून चालणार नाही. पण तीच वाट सुलतानांच्या हातून त्यांचं राज्य काढून घेण्याचीही होती. एकाच दरवाजातून सुटकाही आली आणि सत्ताही गेली. आपण इतिहास सांगताना यातली एकच बाजू सांगतो, तिथे आपली चूक होते.

आता मुंबईकडे या. मुंबईचं हायकोर्ट १८६२ मध्ये सुरू झालं आणि १८६६ मध्ये झांजिबारच्या कॉन्सलच्या न्यायालयाला रीतसर रूप मिळालं. हे झालं 'ऑर्डर इन कौन्सिल'ने, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलच्या सल्ल्याने राणीने काढलेल्या हुकुमाने. अपील मुंबईच्या हायकोर्टाकडे. १८८४ च्या हुकुमात तर भाषाच अशी, की झांजिबार म्हणजे जणू मुंबई इलाख्यातला एक जिल्हा. हिंदी दंडविधान तिथे लागू, पुराव्याचा कायदा, कराराचा कायदा, फौजदारी आणि दिवाणी कामाची पद्धत, सगळी मुंबईची. नगर जसा जिल्हा, तसंच झांजिबार! फरक एवढाच की ते परक्या सुलतानाचं राज्य होतं आणि त्यांच्या प्रजेला हे लागू नव्हतं. न्यायमूर्ती तेलंग १८८९ ते १८९३ आणि न्यायमूर्ती रानडे १८९३ ते १९०१ ज्या हायकोर्टात बसत, त्याच हायकोर्टाकडे त्या वर्षांत झांजिबारची अपिलं जात.

१८९० मध्ये इंग्लंड आणि जर्मनीचा करार झाला आणि झांजिबार अधिकृतपणे इंग्रजांचं संरक्षित राज्य ठरलं. त्याच वर्षी परराष्ट्र अधिकारक्षेत्राचा कायदा नव्याने लिहिला गेला. त्यातला गाभ्याचा मुद्दा असा, की परक्या देशात इंग्लंडच्या राणीला जो अधिकार मिळाला असेल, तो तिने तो मुलूख जिंकून किंवा तहाने घेतला असता तर जसा वापरला असता, तसाच वापरावा. म्हणजे मुलूख जिंकलेला नाही, पण जिंकल्यासारखं वागायला मोकळीक. संरक्षण या शब्दाचा कायद्यातला अर्थ इतका झाला होता.

आणि संरक्षित राजाला स्वतःला न्याय कुठे? आपल्याकडे १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली, रेसिडेंटवर विषप्रयोगाच्या आरोपावरून. आयोगात सहा जण होते. त्यातले तीन हिंदी, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव. या तिघांना आरोप सिद्ध वाटला नाही, तीन इंग्रजांना वाटला. मतं समान पडली, तरी मल्हाररावांना गादीवरून काढलंच, कारण दिलं गैरकारभाराचं. झांजिबारला १८९६ मध्ये इंग्रजांच्या पसंतीविरुद्ध खालिद गादीवर बसले, तेव्हा चौकशीही नाही. २७ ऑगस्टला राजवाड्यावर तोफा डागल्या, पाऊण तासाच्या आत सगळं आटोपलं.

पुढच्या वर्षीची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ६ एप्रिल १८९७ ला नव्या सुलतानांनी गुलामगिरीबद्दल हुकूम काढला. तो नीट वाचायला हवा. 'सगळे गुलाम आजपासून मोकळे' असं त्यात नाही. त्यात आहे, की गुलामाच्या मालकीचा दावा यापुढे न्यायालय मान्य करणार नाही. ज्याला मोकळं व्हायचं त्याने न्यायालयात जाऊन मागावं. सुटका मिळाल्यावर आपलं राहतं घर आणि पोटापाण्याचं साधन दाखवावं, नाहीतर भटका ठरण्याची भीती. मालकाला भरपाई. आणि मालकाच्या घरातल्या रखेल स्त्रियांना यातून वगळलं होतं, त्यांना १९०९ पर्यंत वाट बघावी लागली. लवंगेच्या मळ्यात राबणाऱ्या माणसाला स्वातंत्र्य मिळणार होतं, पण कचेरीचा दरवाजा माहीत असेल तर. आपल्याकडच्या कूळकायद्याचे किंवा वनहक्काचे दावे ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यापुढे झांजिबारला दोन न्यायालयं शेजारी शेजारी चालली. एक इंग्रजांचं, एक सुलतानांचं. पण हळूहळू सुलतानांच्या वरच्या न्यायालयात बसणारे न्यायाधीशही तेच इंग्रज. काझी राहिले ते लग्न, वारसा अशा बाबींपुरते. शिक्का सुलतानांचा, सही साहेबाची. १९१४ मध्ये मुंबईला जाणारी अपिलं थांबली, ती पूर्व आफ्रिकेच्या अपील न्यायालयाकडे वळली.

मुंबईचा संबंध मात्र लगेच संपला नाही. हिंदी कराराचा कायदा केनियात १९६० अखेरपर्यंत आणि आपला १८७२ चा पुराव्याचा कायदा टांगानिकात १९६७ पर्यंत चालू होता. म्हणजे आपण स्वतंत्र होऊन वीस वर्षं झाली तरी तिकडचा वकील आपलीच कलमं वाचत होता.

मग या सगळ्यातून घ्यायचं काय? आपल्याकडे संस्थानांबद्दल बोलताना 'राजा होता, इंग्रज फक्त वर होते' असं सहज म्हणतात. आम्हाला वाटतं, प्रश्न वेगळा विचारावा. त्या गावातल्या माणसाचा खटला कोणापुढे चालायचा? अपील कुठे जायचं? कोणाला कोणत्या दारात उभं राहायची मुभा होती आणि कोणाला नव्हती? राज्य कोणाचं होतं, हे झेंड्यापेक्षा त्यावरून जास्त कळतं. तुमच्या घरात जुनी फर्मानं, निवाडे, इनामाचे कागद असतील, तर पुढच्या वेळी नावाआधी शिक्का बघा आणि शिक्क्याखाली सही कोणाची आहे तेही बघा.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.