प्रकल्प अभियंता (पाणीपुरवठा व जलबांधकाम)

धरण, कालवा, जलशुद्धीकरण केंद्र, जलवाहिनी, जलकुंभ अशी पाण्याची कामे मंजूर आराखड्याप्रमाणे, ठरलेल्या खर्चात आणि मुदतीत जागेवर उभी करून घेणारा अभियंता. महाराष्ट्रात शासकीय बाजूने ही जबाबदारी कनिष्ठ किंवा शाखा अभियंत्यापासून उपअभियंत्यामार्फत कार्यकारी अभियंत्यापर्यंत वाटलेली असते. ठेकेदाराकडे याच कामासाठी वेगळा प्रोजेक्ट इंजिनिअर असतो आणि जल जीवन मिशनच्या योजनांवर त्रयस्थ तपासणी यंत्रणेचा अभियंताही येतो. आखणी, लेव्हल, मालाची तपासणी, मोजमाप पुस्तकातील नोंदी, देयके, भूसंपादनाचा पाठपुरावा, मजुरांची सुरक्षितता, गावकऱ्यांशी बोलणी ही त्याची रोजची कामे. पण रस्त्याच्या किंवा इमारतीच्या अभियंत्यालाही यांतली बहुतेक करावीच लागतात. पाण्याच्या कामाचे वेगळेपण असे, की त्याचा मोठा भाग चारीत, भरावाखाली किंवा जलाशयाच्या तळाशी गाडला जातो आणि एकदा पाणी घेतले की मागे फिरणे फार महाग, कधी कधी अशक्यच असते. म्हणून ‘आता झाका’ किंवा ‘आता पाणी सोडा’ असे सांगण्याचा, आणि वेळ आली तर ते सांगायला नकार देण्याचा अधिकार हा या पदाचा गाभा आहे, असे प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन आहे. बाकीची कामे हा अधिकार नीट बजावता यावा यासाठी आहेत.

याचा प्रत्यय सर्वांत साध्या कामात, म्हणजे जलवाहिनी टाकण्यात येतो. दख्खनच्या पठारावर चारी खणताना थोड्याच अंतरात काळी माती, मुरूम आणि काळा पाषाण असे तिन्ही लागू शकतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याबरोबर नळ हलतो. पाषाणावर नळ तसाच ठेवला तर एखाद्या उंचवट्यावर सगळा भार येतो, म्हणून खाली वाळू किंवा बारीक मुरमाची गादी लागते. डक्टाइल आयर्नच्या (डी.आय.) नळाच्या जोडात एका नळाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात ढकलतात आणि मधली रबरी कडी पाणी अडवते. टोक त्यावरच्या खुणेपर्यंत आत गेले आहे का, कडीखाली मुरमाचा खडा अडकला आहे का, कडी एका बाजूने गुंडाळली गेली आहे का, हे सगळे तपासता येते. पण चारी बुजेपर्यंतच. वळणावर नळाचा रेटा पेलणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याचेही तसेच. आतला व्यास ३०० मिलिमीटर धरला आणि दाब चौरस सेंटिमीटरला १० किलो, म्हणजे शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका असला, तर नळाच्या बंद टोकावर सुमारे ७ टनांचा रेटा येतो आणि काटकोनी वळणावर सुमारे १० टनांचा. ठोकळा कच्चा असताना दाबचाचणी घेतली तर जोड निसटतो. म्हणून जोड उघडे ठेवून, एअर व्हॉल्व्हमधून हवा जाऊ देत नळ सावकाश भरावा, ठरलेल्या दाबावर तो टिकतो का ते पाहावे आणि मगच उरलेली चारी बुजवावी, हा क्रम मोडू न देणे ही अभियंत्याची जबाबदारी आहे. झाकले जाणारे काम आधी लेखी कळवून मोजून घ्यायचे, हा निविदेतील अटींचा जुना दंडकही याच जाणिवेतून आला आहे.

जलकुंभाची चाचणी याहून अधिक बोलकी आहे. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठीचे भारतीय मानक आय.एस. ३३७० सांगते, की बाहेरचे पृष्ठभाग उघडे असलेली टाकी भरून काँक्रीटला पाणी शोषू द्यायला सात दिवस द्यावेत आणि पुढचे सात दिवस ती बाहेरून कोरडी राहते का ते पाहावे. म्हणजे दोन आठवडे टाकी नुसती भरून उभी. हे दोन आठवडे मार्चअखेरच्या पुढे गेले तर देयक पुढच्या आर्थिक वर्षात जाते. आणि टंचाईच्या गावात चाचणीसाठी पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न उन्हाळ्यात खराच असतो. एक लाख लिटरची टाकी भरायला लागणारे पाणी, जल जीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबाने, अठराशेहून अधिक माणसांची एका दिवसाची गरज भागवील. चाचणी हा कागदोपत्री सोपस्कार आहे असे मानणाऱ्याला ही उधळपट्टी वाटेल, पण हे पाणी वाया जाण्याचे कारण नाही. टाकीची परीक्षा झाली की तेच पाणी वितरण नळांच्या चाचणीला व धुण्याला वापरता येते. मात्र त्यासाठी टाकी आणि नळ एकाच सुमारास तयार असावे लागतात. कामाचा कार्यक्रम असा मागून पुढे, चाचणीपासून आखणे हे या अभियंत्याचे खरे नियोजन होय. नुसत्या तारखांचा तक्ता भिंतीवर लावण्याने ते साधत नाही.

थांबण्याचा निर्णय हातातून निसटला की काय होते, याचा महाराष्ट्रातील सर्वांत दारुण दाखला पानशेतचा. अंबी नदीवरील हे मातीचे धरण पूर्ण होण्याआधीच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. भरावाखालून जाणाऱ्या विसर्ग-नळाचे काम अपुरे होते आणि त्याच्या छतासाठी सळईच्या काँक्रीटऐवजी बिनसळईचे ठोकळे वापरले गेले होते. नळावरचा भराव खचू लागल्यावर जवानांनी वाळूची पोती रचली, पण १२ जुलैला धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे, १८७९ मध्ये पूर्ण झालेले खडकवासल्याचे दगडी धरणही त्याच दिवशी फोडले आणि पुण्याच्या नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. धरणाचा आराखडा कागदावर कसाही असो, बिनसळईच्या ठोकळ्यांवर भराव चढवणे आणि अपुऱ्या नळावर जलाशय भरू देणे हे दोन्ही निर्णय बांधकामाच्या टप्प्यावरचे होते. पोती रचायची वेळ आली तेव्हा निर्णयाची वेळ टळून गेलेली होती. यातून एखाद्या जागेवरच्या अभियंत्याला दोषी ठरवावे असे मुळीच सुचवायचे नाही. उलट, त्याच्या ‘थांबा’ म्हणण्याला पुरेसे वजन देणारी यंत्रणा नसेल तर नुसते पद निर्माण करून भागत नाही, असेच यावरून दिसते.

यावर पहिला आक्षेप असा, की थांबवणे सोपे आणि करून दाखवणे अवघड. अडून बसणारा अभियंता लोकांना तहानलेले ठेवतो. या आक्षेपाच्या पुष्टीसाठी ख्यातनाम अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे उदाहरण देता येईल. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सेवेत आल्यावर लवकरच त्यांच्याकडे खानदेशात पांझरा नदी ओलांडणाऱ्या नळ-सायफनचे काम आले. पुराच्या वाळूने पाया भरू लागला तेव्हा पावसाळा सरेपर्यंत काम थांबवावे असे त्यांनी कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही आणि विश्वेश्वरय्यांनी मग ते काम तडीस नेले. हा दाखला वरवर या नोंदीच्या विरोधात जाणारा वाटेल. पण तिथे पुढे जायचे ठरल्यावर धोका उचलणारा माणूसच कामावर होता, अडचण नोंदवली गेली होती, आणि पाया उघडा असल्याने चूक सुधारण्याची वाट बंद झालेली नव्हती. पानशेतला जलाशय भरू लागल्यावर ती वाट उरली नाही. म्हणून नकाराचा अधिकार सरसकट वापरायचा नाही. ज्या पायरीनंतर मागे येता येत नाही तिथे तो राखून ठेवावा आणि इतर ठिकाणी कामाला गती द्यावी. हा फरक ओळखणे अनुभवानेच येते, आणि अशा अनुभवी माणसाची काम अर्ध्यावर असताना बदली होणे योजनेला मारक ठरते.

दुसरा आक्षेप जास्त सबळ आहे. आता संकल्पनेपासून उभारणीपर्यंत सगळे एकाच ठेकेदाराकडे देतात, तपासणीला त्रयस्थ यंत्रणा असते, कामाचे फोटो अक्षांश-रेखांशासह ऑनलाइन चढतात. मग एका माणसाच्या निर्णयावर एवढा भर कशाला? या व्यवस्थांनी लबाडीला आळा बसतो, हे मान्यच करायला हवे. ठेकेदाराच्या अभियंत्याचा पगार ठेकेदार देतो, तेव्हा दुसऱ्या सहीची गरज आहेच. पण त्रयस्थ तपासनीस ठरावीक टप्प्यांवर येतो. काँक्रीट पडताना व्हायब्रेटर बंद पडला, किंवा घट्ट मिश्रण सैल करायला कुणी परस्पर पाणी ओतले, तेव्हा तो तिथे नसतो. काँक्रीटचा घन २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फुटतो तोवर त्या स्लॅबवर पुढचे काम चढलेले असते, आणि घनासाठी भरलेले काँक्रीट भिंतीच्या कोपऱ्यातल्या काँक्रीटइतकेच दाबले गेले होते की नाही हे निकाल सांगत नाही. फोटोत नळ दिसतो, रबरी कडी दिसत नाही. सह्या जितक्या वाढतात तितका प्रत्येकाला आपल्या सहीचा भार हलका वाटू लागण्याचाही धोका असतो. म्हणून जागेवरील एका नावाला अंतिम उत्तरदायित्व आणि त्याबरोबर संरक्षण, दोन्ही लेखी मिळायला हवेत.

मागे फिरण्याची वाट नसलेल्या कामातील सज्जतेचा कळस कोयनेला दिसला. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाखालील बोगद्यात शेवटचा खडक सुरुंगाने उडवून पाणी घेतले गेले; यालाच लेक टॅपिंग म्हणतात. २५ एप्रिल २०१२ रोजी तिथेच दुसरे लेक टॅपिंग झाले. स्फोटानंतर दुरुस्तीला जागा नसल्याने अशा कामात सगळी दक्षता आधीच घ्यावी लागते. गावच्या योजनेत हीच शिस्त छोट्या प्रमाणात हस्तांतरणाच्या वेळी लागते. ग्रामपंचायतीला टाकीची किल्ली आणि उद्घाटनाचा फलक मिळतो, पण प्रत्यक्ष टाकलेल्या नळांचा नकाशा बहुधा मिळत नाही. मिळालाच तर मंजूर आराखड्याचीच प्रत असते आणि कामाच्या वेळी बदललेली वळणे तिच्यात नसतात. मग गळती शोधायला रस्ता जागोजागी खणावा लागतो. चारी उघडी असतानाच प्रत्येक स्लूस व्हॉल्व्हचे आणि जोडाचे अंतर एखाद्या कायमच्या खुणेपासून, जसे शाळेच्या कोपऱ्यापासून किंवा पुलाच्या कठड्यापासून, मोजून नकाशावर घातले आणि तो नकाशा गावच्या जलसुरक्षकाला दाखवून, त्याच्याकडून दोन-चार व्हॉल्व्ह प्रत्यक्ष शोधून घेतले, तरच योजना हस्तांतरित झाली असे अभियंत्याने लिहून द्यावे.