बरणीचं बूड बघा



जुनं घर आवरायला काढलं की माळ्यावरून चिनी मातीच्या बरण्या हमखास निघतात. खाली पांढरट, गळ्याकडे तपकिरी. आता लोणचं काचेच्या बाटलीत असतं, फ्लॅटमध्ये जागा नसते. मग एक तर बरणी भंगारवाल्याकडे जाते, नाही तर "शंभर वर्षांची आहे, लाखात जाईल" म्हणून दोन जावांमध्ये ताणाताण होते. बरणी नीट उलटी करून मात्र कोणीच बघत नाही. म्हणून आज तिचा इतिहास आणि तिची पारख याबद्दल लिहिते.

'चिनी माती' हे एकच नाव आपण तीन वेगळ्या वस्तूंना देतो. पहिली साधी भाजलेली माती, वर झिलई दिलेली. इंग्रजीत तिला अर्थनवेअर म्हणतात. ती आतून सच्छिद्र राहते. दुसरी स्टोनवेअर. ती साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात, त्यामुळे माती दगडासारखी घट्ट होते आणि पाणी शोषत नाही. तिसरी पोर्सलीन, पांढरीशुभ्र. पातळ असेल तर तिच्यातून उजेड दिसतो. आपली लोणच्याची बरणी यातली दुसरी.

झिलई दिलेली अशी घट्ट भांडी चीनमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून होत होती. पुढे मोठमोठे रांजण जहाजांतून आशियाभर गेले. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून त्यांचा व्यापार चाले, म्हणून त्यांना मर्तबान म्हणू लागले. हिंदीत बरणीला आजही मर्तबान म्हणतात. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता लिहितो, की समुद्रप्रवासासाठी त्याला चार मर्तबान भेट मिळाले. त्यांत खारवलेलं आलं, मिरी, लिंबू आणि आंबा होता. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही आंब्याच्या लोणच्याला हेच भांडं लागत होतं! एक मात्र लक्षात ठेवा. मर्तबान नावाचे कितीतरी रांजण प्रत्यक्षात दक्षिण चीनमध्ये घडलेले आहेत. नाव व्यापाराच्या गावाचं आणि घडण दुसरीकडची, हे या धंद्यात नेहमीचं आहे.

युरोपात जर्मनीच्या ऱ्हाईन नदीकाठच्या कुंभारांनी वेगळी युक्ती काढली. भट्टी पुरती तापली की ते तिच्यात मीठ टाकत. मिठाची वाफ मातीतल्या वाळूच्या अंशाशी मिसळून भांड्यावर काचेसारखा थर धरी. त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत दिसतो. इंग्लंडमध्ये फुलहॅमच्या जॉन ड्वाइट यांनी १६७२ साली स्टोनवेअरचं पेटंट घेतलं. १८१५ साली लंडनच्या लॅम्बेथ भागात जॉन डोल्टन भागीदारीत या धंद्यात आले, आणि त्यातूनच पुढे डोल्टन हे नाव जगभर गेलं.

आपल्या बरणीचा दुरंगी पोशाख मात्र ब्रिस्टलचा. तिथल्या विल्यम पॉवेल यांनी १८३५च्या सुमारास मिठाशिवायची, शिसं नसलेली गुळगुळीत झिलई तयार केली. भांडं पांढरट झिलईत बुडवायचं आणि वरचा भाग तपकिरी झिलईत. ही पद्धत सगळीकडे पसरली. बर्न कंपनीने राणीगंज आणि जबलपूरला कारखाने चालवले. पुढे खुर्जा, थानगढ अशा गावांतून बरण्या घरोघरी पोहोचल्या.

मुंबईचाही यात वाटा आहे. सर जे. जे. कलाशाळेचे जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७०च्या दशकात तिथे कुंभारकाम सुरू केलं. सिंधच्या कुंभारकामाच्या आणि अजंठ्याच्या चित्रांच्या धर्तीवर तिथे रंगीत फुलदाण्या झाल्या. त्या स्टोनवेअर नव्हेत, साध्या मातीच्या आहेत. पण आज संग्राहक त्या शोधत असतात.

आता पारख. बरणी रिकामी करा, धुऊन कोरडी करा आणि उलटी धरा.

बुडाला झिलई नसलेली कडा असते. तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब लगेच जिरला तर साधी माती, तसाच राहिला तर बहुधा स्टोनवेअर.

मग आत हात घालून बघा. बोटांच्या गोल रेषा लागल्या तर ती चाकावर हाताने घडवलेली. बाहेरून उभी सांधरेषा दिसली तर साच्यातली.

नंतर शिक्का. मातीत दाबलेला आहे की वर छापलेला, ते बघा. नुसतं 'इंग्लंड' लिहिलेलं असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुतेक विसाव्या शतकातली. 'रॉयल डोल्टन' असेल तर १९०१ किंवा नंतरची. पण शिक्का नाही म्हणजे वस्तू फार जुनी, असं समजू नका. असंख्य साध्या बरण्यांवर शिक्का कधी नव्हताच.

शेवटी टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. काठावरून बोट फिरवा, टवका लगेच लागतो. झाकण त्याच बरणीचं आहे का, तेही बघा. रंग आणि झिलई जुळायला हवी.

किमतीबद्दल कॉमर्सच्या विद्यार्थिनीला शिकवतात तेच खरं. विकणारा मागतो तो आकडा म्हणजे किंमत नव्हे, प्रत्यक्ष सौदा झाला ती किंमत. लिलावगृहांचे झालेल्या विक्रीचे आकडे पाहावेत, दुकानातल्या चिठ्ठ्या नव्हेत. नुसत्या वयाने भाव येत नाही. किती तयार झाल्या, किती उरल्या, कोणी घडवली आणि शाबूत आहे का, यावर तो ठरतो. कारखान्यात हजारोंनी झालेली बरणी ऐंशी वर्षांची असली तरी तिचा भाव बेताचाच असतो. तेव्हा तिच्यापायी घरात अबोला धरू नये. उलट माळ्यावरची रंगीत फुलदाणी शिक्का न वाचता भंगारात देऊ नये.

वापरायची असेल तर आणखी एक. साध्या मातीच्या जुन्या रंगीत भांड्यांच्या झिलईत पुष्कळदा शिसं असतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. अशी भांडी शोभेलाच ठेवा. शाबूत स्टोनवेअर बरणीचं मोठेपण इथेच आहे. मीठ, आंबट, तेल तिला काही करत नाही आणि ती ओल धरत नाही. आपल्या घरात ओल म्हणजे बुरशी आणि बुरशी म्हणजे जीवोत्पत्ती. कोरडा हात, कोरडा चमचा आणि तोंडाला घट्ट बांधलेला दादरा, हा आपला नियम या बरणीने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. मात्र तडा गेलेल्या बरणीत ओल शिरते. तिच्यात खाण्याचं काही भरू नका.

मुलगी परदेशात असेल आणि बरणी नेते म्हणाली, तर १९७२चा पुरावस्तू कायदा ध्यानात घ्या. शंभर वर्षांची किंवा त्याहून जुनी पुरावस्तू कोणालाही स्वतःहून देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला दाखवावी.

आणि शेवटचं, फुकटचं काम. एका चिठ्ठीवर लिहा, ही बरणी कोणाची, कुठल्या गावची, कधी आली, तिच्यात काय भरत असत. माहीत असेल तेवढंच लिहा, ऐकीव वर्षं वाढवू नका. चिठ्ठी बरणीत ठेवा. पुढे कोणी विकली तर तिच्या उगमाचा तो कागद कामी येईल, नाही विकली तर नातसुनेला ती कोणाच्या हातची आहे ते कळेल.