औषध की विष? फवारणीमागच्या रसायनशास्त्राची गोष्ट

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी मागवल्या होत्या. त्या लिहिणारे आपल्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा हुशार लोक पुष्कळ आहेत, म्हणून मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. तो आपल्या सगळ्यांच्या घरच्या वावरातला आहे. महागावात लहानाचं मोठं झालेल्या प्रत्येकाने 'औषध मारणे' हा शब्दप्रयोग ऐकला आहे. कृषी केंद्रातून आणतो ते औषध, पऱ्हाटीवर मारतो ते औषध आणि कोणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं तर तेही 'औषध घेतलं'. एवढ्या जहाल वस्तूला आपण इतकं गोड नाव दिलं आहे, हे मला गाव सोडल्यावरच जाणवलं.

ही वस्तू आली कुठून? जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडींसाठी नवीन कीटकनाशक शोधत होता. डिसेंबर १९३६ मध्ये त्याच्या हाती जे लागलं त्याला पुढे 'ताबून' नाव मिळालं. पुढच्याच महिन्यात त्याचा थेंब प्रयोगशाळेत सांडला, तर श्राडर आणि त्याचा सहकारी दोघांच्याही डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या आणि श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. लष्कराने ते उचललं. १९३८ मध्ये सरीन आलं. ही युद्धातल्या विषारी वायूंची नावं आहेत. त्याच घराण्यातलं, शेतीसाठी बनवलेलं पॅराथिऑन श्राडरनेच १९४४ मध्ये तयार केलं. आपल्याकडे ते 'फॉलिडॉल' या नावाने विकलं गेलं. आपल्या वडीलधाऱ्यांना हे नाव चांगलं आठवत असेल.

ही सगळी रसायनं एकच काम करतात. मज्जातंतूकडून स्नायूला 'हल' असा निरोप असेटिलकोलीन हा पदार्थ पोचवतो. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचं विकर त्याला लगेच तोडून टाकतं आणि स्नायू सैल पडतो. ऑर्गेनोफॉस्फेट विष या विकरालाच जाऊन चिकटतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, उलट्या, स्नायूंचं फडफडणं, आणि शेवटी श्वास बंद. किडीच्या बाबतीत जे होतं तेच माणसाच्या बाबतीत होतं. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम लूपमध्ये अडकतो आणि तो बंद करणारं बटणच कोणीतरी काढून नेलेलं असतं.

आपल्या देशात या विषाचा पहिला मोठा फटका बसला तो १९५८ मध्ये, केरळ आणि मद्रास राज्यांत. वाहतुकीत पॅराथिऑन आणि खाण्याचं धान्य एकत्र आलं आणि शंभरहून अधिक माणसं दगावली. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. कायदा मात्र व्हायला दहा वर्षं लागली. कीटकनाशके अधिनियम १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण त्या नियमांतून आला. लाल म्हणजे सर्वांत जहाल. हा त्रिकोण ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याला कितपत ठाऊक असतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

आता विष ओळखणाऱ्यांबद्दल. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या पोटातलं विष शोधण्याची व्यवस्था फार जुनी आहे. मुंबई सरकारचं रासायनिक विश्लेषकाचं कार्यालय १८७० च्या सुमाराचं. आय. बी. लायन हे ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक त्या पदावर होते आणि हिंदुस्थानासाठीचं त्यांचं न्यायवैद्यकशास्त्राचं पुस्तक कित्येक पिढ्यांनी वापरलं. आजही व्हिसेरा न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि पोलीस ठाण्यात 'सीए रिपोर्ट'ची वाट पाहतात. या विश्लेषकांचं काम खरोखर मोलाचं आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं गेली, तेव्हा स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं ते अशाच प्रयोगशाळेत. पण ही सगळी व्यवस्था खून कोणी केला हे शोधण्यासाठी उभी राहिली. काम करता करता ज्याच्या अंगात विष भिनतं, तो माणूस जिवंत असताना त्याच्याकडे पाहणारा रसायनशास्त्रज्ञ तिच्यात नव्हता.

तसे लोक दुसरीकडे झाले. अमेरिकेत वेनाची या सफरचंदाच्या गावी विल्यम डरहॅम आणि होमर वुल्फ यांनी फवारणी करणाऱ्यांच्या अंगावर आणि कपड्यांवर शोषक पट्ट्या चिकटवल्या. दिवसभराच्या कामानंतर त्या पट्ट्या काढून त्यांतलं विष द्रावणात उतरवून मोजलं. श्वासावाटे किती गेलं तेही वेगळं मोजलं. १९६२ मध्ये त्यांनी हे सगळं छापलं. कातडीवर पडणारं विष श्वासातल्या विषापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतं. म्हणजे नुसता रुमाल तोंडाला बांधून भागत नाही. आपल्याकडचा मजूर आजही रुमालच बांधतो, आणि तोही त्याच फवाऱ्याने ओला झालेला असतो.

दुसरं काम जॉर्ज एलमनचं. १९६१ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोलिनेस्टरेज मोजण्याची एक सोपी पद्धत दिली. रक्ताच्या नमुन्यात एक खास पदार्थ आणि एक अभिकारक घालायचा. विकर शाबूत असेल तर द्रावण पिवळं होत जातं. विष बसलं असेल तर रंग येत नाही, किंवा फार हळू येतो. शाळेत फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकून गुलाबी रंगाची वाट पाहायचो, तेच तत्त्व. रंग किती वेगाने येतो ते यंत्र मोजतं. खर्चिक काही नाही.

यातली मेख अशी की माणसामाणसात या विकराचं प्रमाण मुळातच वेगळं असतं. त्यामुळे हंगामाआधीचा आकडा हाताशी हवा. कॅलिफोर्नियाने १९७४ पासून नियमित फवारणी करणाऱ्या कामगारांसाठी हेच सक्तीचं केलं. आधी मूळ पातळी नोंदवायची, मग हंगामात पुन्हा तपासायचं. तांबड्या पेशींतलं विकर मूळच्या ७० टक्क्यांपर्यंत उतरलं तर माणसाला फवारणीवरून बाजूला करायचं आणि ८० टक्क्यांपर्यंत परत चढल्याशिवाय पंप हातात द्यायचा नाही. माणूस आजारी पडायच्या आधीच रक्त सांगतं.

आणि मग आपल्या जिल्ह्यातलं २०१७. हे इतिहास म्हणून लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण तुमच्यापैकी काहींनी ते जवळून पाहिलं आहे. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. गुलाबी बोंडअळी बीटी वाणांनाही जुमानत नव्हती, म्हणून फवारण्या वाढल्या, दोनतीन औषधं एकत्र कालवली गेली. बॅटरीचे पंप जोराने बारीक तुषार सोडत होते. नोझल वर धरलं की फवारा फिरून तोंडावर, छातीवर येई. जुलैपासून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विषबाधेचे रुग्ण येऊ लागले. शेकडो दाखल झाले, वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. काहींची दृष्टी अधू झाली. कोलिनेस्टरेजची ती पिवळ्या रंगाची तपासणी तेव्हा त्या रुग्णालयात होत नव्हती.

ती असती तर काय झालं असतं? सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण त्या हंगामातल्या मिश्रणांत प्रोफेनोफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फेट होती, तशी डायफेन्थियुरॉन आणि फिप्रोनिलही होती. ही दोन्ही कोलिनेस्टरेजवर काम करतच नाहीत. ऑर्गेनोफॉस्फेटच्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिन वाचवतं, दुसऱ्याला तेच अ‍ॅट्रोपिन जास्त झालं तर अपाय करतं. रक्ताचा आकडा नसेल तर डॉक्टरला अंदाजाने चालावं लागतं. मजुराला विचारावं तर तो औषधाचं नाव नाही, डब्याचा रंग सांगतो.

ऑक्टोबरमध्ये सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. तोवर फवारणीचा मोसम सरत आला होता. २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ५१ कुटुंबांची तक्रार थेट स्वित्झर्लंडला पोचली, डायफेन्थियुरॉन बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध. कंपनीने जबाबदारी नाकारली. तपास पथकाने मोनोक्रोटोफॉसवर पूर्ण बंदी सुचवली होती. त्याच्या ३६ टक्के द्रावणाबद्दल केंद्राचा आदेश निघाला २०२३ मध्ये, आणि तोही उरलेला साठा संपवायला मुदत देऊन.

आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, दोघातिघांची कृषी केंद्रं आहेत, बाकीच्या बहुतेकांच्या घरी अजून वावर आहे. स्नेहसंमेलनाच्या निधीतून काय करावं यावर चर्चा चालली आहे म्हणून सुचवते. शाळेला आणखी एक कमान नको. जूनमध्ये, पहिल्या फवारणीच्या आधी, तालुक्यातल्या निदान काही फवारणी मजुरांचं रक्त घेऊन त्यांची मूळ पातळी नोंदवून ठेवू. तो कागद मजुराच्या खिशात आणि त्याची नक्कल ग्रामीण रुग्णालयात. सप्टेंबरमध्ये पुन्हा तपासू. नोंदी ठेवण्याचं, दोन आकड्यांची तुलना करून कोणाला थांबवायचं ते दाखवण्याचं सॉफ्टवेअर मी करून देईन, ते फार अवघड नाही. नमुने कुठे पाठवायचे आणि कोण नेणार, हे डॉक्टर मंडळींनी संमेलनाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर बसून ठरवावं. मी थांबेन.