पाण्यातला वारा

एडमंड गॉस ह्यांचे ‘फादर अँड सन’ (१९०७) हे आत्मकथन इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. त्यातील कर्मठ, बायबलनिष्ठ पिता श्रद्धा आणि विज्ञान ह्यांच्या कात्रीत सापडलेला माणूस म्हणून आपल्या लक्षात राहतो. ह्याच पित्याने, फिलिप हेन्री गॉसने, १८५४ साली ‘दि अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहून तो शब्द इंग्रजीत रूढ केला आणि व्हिक्टोरियन दिवाणखान्यात समुद्राचा एक तुकडा आणून ठेवला, ह्याकडे मात्र सहसा आपले लक्ष जात नाही. ह्या छंदामागे एक सिद्धान्त होता, आणि त्या सिद्धान्ताच्या झगमगाटात एक व्यक्ती दिसेनाशी झाली, असे मला वाटते.

प्रश्न मुळात श्वासाचा. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो आणि तो फार थोडा असतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. समुद्राच्या पाण्यात त्याहूनही कमी. शिवाय स्तब्ध पाण्यात हा वायू वरच्या थरातून तळापर्यंत अतिशय मंद गतीने उतरतो. म्हणून काचेच्या भांड्यातल्या माशांचे पाणी सतत बदलावे लागे. नाही तर ते गुदमरून मरत.

लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्याने ह्यावर तोडगा काढला. हिरवी वनस्पती बिघडलेली हवा सुधारते हे प्रीस्टलीने १७७१ च्या सुमारास दाखवले होते, आणि त्यासाठी उजेड लागतो हे इंगेनहाउझने १७७९ मध्ये. वॉरिंग्टनने सुमारे ५५ लिटरच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले तेव्हा त्यात गोगलगायी सोडल्या. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशाने तो घ्यावा, गोगलगायीने कुजके खावे. माणसाने फक्त पाहावे! स्वतःच चालणारी ही इवलीशी सृष्टी त्या काळाला मोहवून गेली ह्यात नवल नाही. निर्मात्याची योजना टेबलावर मांडून दाखवता येत होती. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि मग घरोघरी काचपेट्या आल्या.

परंतु रात्री वनस्पतीही प्राणवायूच घेते. शिवाय हवेचे मोठे द्वार पाण्याचा पृष्ठभाग हेच असते. तो हलता राहिला तरच पाणी श्वास घेते. हे काम वॉरिंग्टनच्या आधीच कोणीतरी हातांनी करत होते.

१८४६ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या एका धर्माधिकाऱ्याची पत्नी ॲना थिन हिने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी रोज नव्याने मिळणे शक्य नव्हते. तेव्हा तिने तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात, पुन्हा पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतत राहण्याची युक्ती काढली. अर्थात ओतणारी ती नव्हती, तिची लहानशी मोलकरीण होती. काम थकवणारे होते हे बाईसाहेब स्वतःच लिहितात. मात्र मुलीला त्यात गंमत वाटत असे, अशी पुस्तीही जोडतात. ते टिपण १८५९ मध्ये गॉसच्याच पुढाकाराने छापले गेले. त्या उल्लेखात मुलीला नाव नाही. तिला खरोखर गंमत वाटत असेलही. पण पाण्याने भरलेले भांडे पाऊण तास वर-खाली करून पाहावे आणि मग ह्या वाक्यावर विश्वास ठेवावा. १८४७ मध्ये थिनबाईंनी समुद्रवनस्पती मागवल्या, आणि मत्स्यालयाचे इतिहास बहुधा तेथूनच संतुलनाची गोष्ट सांगू लागतात. जणू त्याआधी घडले ती केवळ गैरसोय होती.

सिद्धान्ताला धक्का बसला तो मोठ्या हौदांत. काचपेट्यांचा व्यापार करता करता तज्ज्ञ झालेल्या विल्यम आल्फर्ड लॉइड ह्याने १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मत्स्यालयात जमिनीखाली अंधारा, प्रशस्त साठा बांधला आणि पंपांनी पाणी अखंड फिरते ठेवले. पाणी बदलायचे नाही, ते हलवायचे. मुलीच्या हातांचे काम यंत्राकडे गेले, आणि यंत्राच्या कर्त्याला तेवढे नाव मिळाले.

आज घरच्या काचपेटीत छोटा पंप बुडबुडे सोडतो. त्या बुडबुड्यांतून थोडा वायू विरघळतो खरा, पण त्यांचे मोठे काम पाणी ढवळून पृष्ठभाग हलता ठेवणे हेच असते. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात, पाणी तापलेले असताना वीज गेली की मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात. अशा वेळी जाणता माणूस पेटीतलेच पाणी तांब्याने काढतो आणि वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओततो. वीज येईपर्यंत ओतत राहतो.