लेकी बोले, सुने लागे : मराठी कथेतील उपहासाची वाटचाल



सासूला सुनेची चूक दाखवायची असली, तर ती दर वेळी सुनेलाच बोलते असे नाही. माहेरपणाला आलेल्या लेकीला ती पुढ्यात बसवते आणि म्हणते, "बाई, दूध उतू जाईस्तोवर माणसाचं ध्यान असतं तरी कुठं?" लेक मुकाट्याने ऐकून घेते, कारण दूध काही तिने उतू घातलेले नसते. चुलीपाशी बसलेली सून मात्र खाली मान घालून पातेले उतरवते. भांडण झाले नाही, कोणाचे नाव निघाले नाही, आणि बोल जिथे लागायचा तिथे लागला. याला आपण 'लेकी बोले, सुने लागे' असे म्हणतो.

पंडित मंडळी ज्याला उपहास किंवा उपरोध म्हणतात, तो याच घरगुती युक्तीचा मोठा भाऊ आहे. कथाकाराला समाजातले व्यंग दाखवायचे असते. सरळ दाखवले, तर माणसे रागावतात, नाही तर "आम्ही त्यातले नव्हे" म्हणून कानाडोळा करतात. म्हणून तो एक सोंग उभे करतो. आपण त्या सोंगाला हसतो आणि हसता हसता ध्यानात येते, की सोंगाच्या अंगावरचा अंगरखा आपल्याच मापाचा आहे. मराठीत ही युक्ती कशी चालत आली आणि आजही तिची गरज का आहे, एवढेच आज पाहायचे आहे.

आरंभ घराजवळून करू. आपल्या बीड जिल्ह्याची उत्तरेकडची शीव म्हणजे गोदावरी. नदीच्या काठाने थोडे वर गेले की पैठण लागते. तिथे सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडे रचली. शंभराहून अधिक विषयांवरची ही भारुडे आहेत. जोशी, भुत्या, गोंधळी, वाघ्या, महार, विंचू चावलेला माणूस, नवऱ्याला कंटाळलेली बाई, अशी किती तरी सोंगे त्यांत येतात. कीर्तनकार आणि भारूडकार ती आजही अंगणात उभी करतात.

यांपैकी एका रचनेकडे शिक्षकांनी मुद्दाम लक्ष द्यावे. तिचे नाव 'अर्जदास्त'. अर्जदास्त म्हणजे हाताखालच्या अंमलदाराने वरच्या साहेबाला लिहिलेले विनंतीपत्र. त्या काळी राज्यकारभारात फारसीचा भरणा होता आणि सरकारी कागदाची मराठीही फारसी शब्दांनी भरलेली असे. नाथांनी तोच कागदी थाट उचलला. माणसाचे शरीर हा झाला परगणा, जीव झाला त्याचा शेकदार आणि बुद्धी झाली कारकून. हा शेकदार तक्रार करतो, की परगण्यातली वतनदार मंडळी कारभार चालू देत नाहीत. कोण ही मंडळी? दंभ हा शेट्या, काम हा महाजन, मन हा देशमुख, ममता ही देशपांडीण आणि क्रोध हा नाईकवाडी!

कीर्तनात याचा अर्थ परमार्थाचा लावतात आणि तो बरोबरच आहे. पण जरा विचार करा. समोर बसलेल्या कुणब्याने खरा महाजन पाहिलेला होता, खरा देशमुख पाहिलेला होता. नाथांनी दंभाला शेट्याची पगडी घातली, तेव्हा त्या कुणब्याला दंभ तर कळलाच, पण शेट्याही कळला असेल, असे मला वाटते. लेकीला बोलावे आणि सुनेला लागावे, तसे हे झाले. तक्रार मनाच्या विकारांची आणि ऐकणारा गावचा वतनदार.

दुसरे एक भारूड सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात एक सासुरवाशीण देवीला नवस बोलते. सासरच्या माणसांपासून आपली सुटका कर आणि मला एकटीलाच राहू दे, असे तिचे मागणे. याही रचनेचा अंतरीचा अर्थ अध्यात्माचा आहे. पण भारूड ऐकायला बसलेल्या बायका जेव्हा पदर तोंडाला लावून हसतात, तेव्हा त्या सगळ्याच अध्यात्माला हसत असतात असे समजू नका. घरात जे बोलता येत नाही, ते सोंगाच्या तोंडून देवळाच्या मंडपात बोलले गेले, याचा तो आनंद असतो.

आता तीनशे वर्षे पुढे येऊ. १८५५ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. एक जोशी एका कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो आणि त्या गरीब घराला खर्चात उतरवतो. मध्ये मध्ये विदूषक येऊन प्रेक्षकांना जोशाचे कपट उघडे करून दाखवतो. शेवटी ते नवरा-बायको शिकायला जायचे ठरवतात. जुन्या संस्कृत नाटकात विदूषक राजाचा मित्र असे आणि राजाला रिझवण्यासाठी विनोद करी. जोतीरावांनी त्याला कुणब्याच्या बाजूला आणून उभे केले. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले, पण कमिटीने ते स्वीकारले नाही. पुढे शंभराहून अधिक वर्षे ते छापले गेले नाही. उपहास वरच्या माणसाला लागला म्हणजे काय होते, ते यावरून समजते.

छापील मराठी गद्यात उपहासाला मानाचे पान मिळवून दिले, ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी. कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत. १९०२ साली 'विविधज्ञानविस्तार' मासिकात त्यांचा पहिला विनोदी लेख आला. त्याचे नाव 'साक्षीदार', म्हणजे आरंभच कोर्टकचेरीच्या ओळखीच्या विषयाने झाला. पुढे अशा बत्तीस लेखांचे पुस्तक झाले, तेच 'सुदाम्याचे पोहे'. त्यात सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या असे तीन मित्र आहेत. यांतला सुदामा आपली गोष्ट आपणच सांगतो.

कोल्हटकरांची करामत अशी, की ते रूढीवर टीका करीत नाहीत. सुदामा रूढीची बाजू घेतो! शिमगा असो, श्रावणी असो, की शकुन-अपशकुन, तो मोठ्या भक्तिभावाने त्यांचे समर्थन करतो. मात्र ते समर्थन इतके ताणतो, की शेवटी रूढीचे वस्त्र टरकन फाटते. विरोधकाचा हल्ला परतवता येतो, पण असल्या भक्ताला काय म्हणावे, हे रूढीच्या कैवाऱ्यालाही सुचत नाही.

ही रीत सातासमुद्रापलीकडेही होती. जोनाथन स्विफ्ट या लेखकाने १७२९ साली आयर्लंडमधल्या दारिद्र्यावर एक पत्रक लिहिले. त्याने हिशेबी अर्थशास्त्र्याचे सोंग घेतले आणि थंडपणे सुचवले, की गरिबांची तान्ही मुले श्रीमंतांना खायला विकावीत, म्हणजे दोघांचीही सोय होईल. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मग त्याला उमजते, की ही सूचना राक्षसी असली, तरी उपाशी मरणारी मुले उघड्या डोळ्यांनी पाहणारे आपण तरी कोण मोठे सज्जन आहोत?

कोल्हटकरांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी यांनी 'बाळकराम' हे नाव घेऊन विनोदी लेख लिहिले. गडकरी १९१९ साली वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारले आणि 'संपूर्ण बाळकराम' हे पुस्तक त्यांच्या मागे, १९२५ साली निघाले. त्यातले ठकीच्या लग्नाचे लेख सर्वांत गाजले. तिंबूनानांची मुलगी ठकी उपवर झाली आहे आणि तिला स्थळ पाहायचे आहे. गडकऱ्यांनी या खटाटोपाला लढाईची भाषा दिली. लग्नाची मोहीम, तिची पूर्वतयारी, असा सगळा थाट! हसून हसून पुरेवाट होते. मात्र हसणे ओसरले की प्रश्न उरतो, की मुलीच्या बापाला लग्न ही लढाई का वाटावी? हुंड्याच्या चालीवर व्याख्यान दिले असते, तर ते त्याच संध्याकाळी विसरले गेले असते. ठकीचे लग्न मात्र शंभर वर्षे लोटली तरी लोकांच्या लक्षात आहे.

त्यानंतर आले चिं. वि. जोशी. 'चिमणरावाचे चऱ्हाट' हे त्यांचे पुस्तक १९३३ चे. पुण्याच्या मध्यम वर्गातला भित्रा, भाबडा चिमणराव आपलीच फजिती आपल्याच तोंडाने सांगतो. इथे लेखक कोणाकडे बोट दाखवत नाही. तो स्वतःलाच हसतो आणि वाचक म्हणतो, "अरे, हा तर मी!" लेक आणि सून असा भेदच इथे उरत नाही, बोल घरातल्या सगळ्यांनाच लागतो.

आता तुम्ही विचाराल, की या काळात आपला मुलूख कुठे होता? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यभाषा उर्दू, मराठी शाळा थोड्या. गश्ती निशाण ५३ या फर्मानामुळे परवानगीवाचून जाहीर सभा भरवता येत नसे. पुण्या-मुंबईचे मासिक खेड्यात यायचे कसे आणि वाचायचे कोणी? म्हणून छापील उपहास आपल्याकडे उशिरा पोचला. पण उपहास नव्हता असे नाही. तो भारुडात होता, तमाशातल्या सोंगाड्याच्या तोंडी होता, दारोदार फिरणाऱ्या बहुरूप्याच्या खोट्या चपराशीत होता. निरक्षर माणसाला व्यंग कळत नाही, हा समज वाचणाऱ्यांचा आहे. ऐकणाऱ्यांना ते केव्हाच कळत होते.

पुढे व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन करून छापील कथा पुन्हा लोकांच्या कानांपर्यंत नेली. १९८३ साली अंबाजोगाईला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष माडगूळकरच होते. अंगणातून पुस्तकात गेलेले सोंग पुन्हा लोकांसमोर आले म्हणा ना.

पण एका गोष्टीचा इशारा द्यायला हवा. सोंग दुधारी असते. ठकीच्या लग्नात हुंडा घेणाऱ्यांची खोड मोडली आहे खरी, पण मधून मधून हसे होते ते ठकीच्या रूपाचे आणि रंगाचेही. वर्गात हा पाठ वाचताना मागच्या बाकावर एखादी सावळी मुलगी मान खाली घालून बसली असेल, तर गुरुजी आणि बाई, तिच्याकडे जरूर पाहा. मुलांना विचारा : सोंग कोणाचे घेतले आहे? बोल कोणाला लागायला हवा होता? आणि प्रत्यक्षात कोणाला लागला? चालीला हसणे निराळे आणि चालीखाली दबलेल्या माणसाला हसणे निराळे. हा भेद मुलांना एकदा कळला, की उपहासाचा पाठ पुरा झाला म्हणून समजा.

हे सांगायचे कारण असे, की ठकीचे लग्न आपल्या जिल्ह्यात अजून संपलेले नाही. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या नावाने तो 'सारडा कायदा' म्हणून ओळखला गेला. तो ब्रिटिश मुलखापुरता होता, निजामाच्या राज्याला लागू नव्हता. आज २००६ चा कायदा आहे. मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण हवे, असे तो सांगतो. तरीही आपल्या जिल्ह्यात लहान मुलींची लग्ने होत आली आहेत. दसरा-दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल मिळते ती जोडप्यावर. मग शाळेतली पोर उजवून टाकली, की जोडी तयार होते.

आणि त्या जोडीला नाव काय? 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता! मुकादम विचारतो, "किती कोयते आणलेत?" दोन जिवंत माणसांना मिळून एका हत्याराचे नाव, आणि तेही आपण रोज ऐकतो, बोलतो, आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. सुदामा असता, तर त्याने या शब्दाचे असे काही कौतुक केले असते, की ऐकणाऱ्याला आपल्याच जिभेची लाज वाटावी. नाथ असते, तर त्यांनी या मुकादमाकडून साहेबाला एखादी अर्जदास्त लिहवली असती.

ती लिहायला मोठा लेखकच लागतो असे नाही. आपल्या गावच्या शाळेतल्या मुलांना सांगून पाहा. कोयत्यानेच एक अर्ज लिहिला आहे, अशी कल्पना करा आणि तो त्यांच्याकडून लिहवून घ्या. मुले हसत हसत लिहितील. मात्र तो अर्ज वर्गातच ठेवू नका. पालकसभेत किंवा ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवा. कोणाचे नाव घेण्याची गरज नाही. ज्याला लागायचा आहे, त्याला तो बरोबर लागेल.